टेबलावर ठेवायचा

सुराणा इलेक्ट्रॉनिक्सच्या भिंतीवर सतरा टीव्ही
आणि सतरांमध्ये एकच मासा,
निळाभोर, शेपटी हलवत
डावीकडून उजवीकडे.
बाहेर हिंगणघाटचा एप्रिल,
चप्पल डांबराला चिकटते आहे.
"पानी किती थंडं दिसते बाप्पा," आई म्हणाली,
आणि पदरानं मान पुसत
न विचारताच सोफ्यावर बसली.

पोराच्या छातीवर पाटी : रोशन.
"काकाजी, आधी आवाज आयका,
अख्खी गल्ली उठून बसन."
बाबा त्याच्या ओठांकडे बघत होते.
नेहमीसारखी मान हलवली,
म्हणजे अर्धं कळलं
आणि उरलेलं विचारायची लाज वाटली.

सव्वीस वर्षं जिनिंगमध्ये.
रेचे चालू असले की माणसं हातांनी बोलायची :
तळवा वर म्हणजे थांबव,
मनगटावर टिचकी म्हणजे डबा खायची वेळ.
पुढे सुट्टीच्या दिवशीही रेचे कानातून उतरेनात,
बाकीचे आवाज मात्र एकेक करून गेले.
आधी कुकरची शिट्टी,
मग शेजारच्या सुलोचनाकाकू
(त्याचं त्यांना फार दुःख नाही, असं आई म्हणते),
मग मी.

रोशननं बटण दाबलं. शोकेसची काच थरथरली.
पंखा बघणारं गिऱ्हाईक वळून पाहू लागलं.
बाबा उठले
आणि टीव्हीच्या मागे हात घालू लागले.
"ओ काकाजी! वायरी हायेत तिथं!"

त्याला सांगावं लागलं.
आमचा जुना, ढेरपोट्या,
गेल्या पोळ्यापासून ज्यात नुसती एक आडवी रेघ,
त्याच्या पाठीवर तळहात ठेवून
बाबा रोज संध्याकाळी उभे राहत.
आई म्हणायची, "टीव्हीले ताप आला काय?"
पण बातम्या कधी संपल्या, भांडण कधी लागलं,
त्यांना बरोबर कळायचं.

रोशन जरा वेळ गप्प.
मग त्यानं मासा घालवला, सगळीकडे बातम्या लावल्या,
आणि एकेक टीव्ही भिंतीपासून
वीतभर पुढे ओढून दिला.

बाबा ओळीनं निघाले.
पंचावन्न इंची, पापडासारखा : काही नाही.
त्रेचाळीस : नाही.
सेठनं स्वतः उठून दाखवलेला, किंमत ऐकूनच आई उभी राहिली : नाही.
कोपऱ्यात, मिक्सरच्या खोक्यांमागे,
दोन पायांवर उभा एक बत्तीस इंची,
दोन वर्षांपूर्वीचा, कुणी न नेलेला.
तिथे हात थांबला.
डोळे मिटले त्यांनी.
मला वाटलं, दमले.

"हे बाई खोकलली," बाबा म्हणाले,
ऐकू न येणारी माणसं बोलतात तितक्या मोठ्यानं.

आम्ही पडद्याकडे पाहिलं.
बातम्या देणारी तोंडावर मूठ धरून
माफी मागत होती.

मग आईनं सूत्रं हाती घेतली.
पडद्यावर बोट फिरवून सेठला दाखवलं,
"धूळ पाहा किती. धुळीचे पैसे आमी देत नसतो जी."
अकरा हजार दोनशेचे साडेनऊ झाले.
जुन्याचे तीनशे, आणून दिला तर.
"भिंतीवर फुकट बसवून देतो," सेठ म्हणाला.
"नाही," रोशनच म्हणाला, "टेबलावर ठेवायचा हाये थो."

साडेतीनच्या एसटीत
खोकं आमच्या तिघांच्या गुडघ्यांवर.
कंडक्टरनं त्याचं अर्धं तिकीट मागितलं,
आई त्याच्याशी वडनेरपर्यंत भांडली.
बाबांचा हात खोक्यावर.
मीही ठेवला शेजारी.
खालून इंजिन, पत्रा, रस्त्याचे खड्डे,
सगळं पुठ्ठ्यातून वर येत होतं,
मला त्यातलं काही लागलं नाही.

बाबा मात्र मधूनच हसत होते.